हिब्रू नावाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

याकोब, जेकब, जेम्स, तियागो आणि याकूब ही पाच नावे कोल्हापूर ते गोवा या पट्ट्यात पाच निरनिराळ्या घरांत आढळतील. मूळ नाव एकच आहे, हिब्रू ‘याकोव’. नावाचा अर्थ शोधताना बहुतेक जण हाती असलेल्या रूपावरूनच अंदाज बांधू लागतात आणि तिथेच चुकतात. भरवशाचा क्रम वेगळा आहे. नाव घरात कोणत्या वाटेने आले हे आधी ठरवावे. त्या वाटेने मागे जाऊन मूळ हिब्रू रूप गाठावे. मग त्या रूपाचे घटक सुटे करावेत, ग्रंथातील कथा आणि भाषाशास्त्राने दिलेली व्युत्पत्ती वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि शेवटी मिळालेल्या अर्थाची खात्री कितपत आहे ते नोंदवावे.

नाव कोणत्या वाटेने आले

पहिली वाट मराठी बायबलची. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांचे नाव सांगते. मिशनच्या शाळा, दवाखाने आणि उपासना यांतून ‘पवित्र शास्त्रा’तील नावे मराठी घरांत रुळली: दावीद, शलमोन, शमुवेल, याकोब, योसेफ, योहान, हन्ना, राहेल, रिबका, रूथ. ही रूपे मराठी भाषांतरकारांनी घडवली आहेत. त्यांतील पुष्कळशी मूळ हिब्रू उच्चाराला इंग्रजी रूपांपेक्षा जवळची आहेत.

दुसरी वाट इंग्रजीची. मिशनची शाळा, सरकारी नोकरी, लष्कर यांमुळे दावीदचा डेव्हिड, शमुवेलचा सॅम्युअल आणि योहानचा जॉन झाला. पुष्कळ कुटुंबांत आजोबांचे नाव मराठी बायबलच्या वळणाचे आणि नातवाचे इंग्रजी वळणाचे असते. दोन्ही नावे एकच असूनही हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

तिसरी वाट पोर्तुगीज. गोव्याकडील आणि गोव्याला लागून असलेल्या भागांतील कॅथलिक घरांत जुआंव, जुझे, मिगेल, आना, इझाबेल, रफाएल अशी रूपे मिळतात. जुआंव म्हणजे योहान, जुझे म्हणजे योसेफ, मिगेल म्हणजे मीखाएल, आना म्हणजे हन्ना.

चौथी वाट अरबीची. दाऊद, सुलेमान, मुसा, इब्राहिम, युसूफ, याकूब, मरियम ही मुस्लिम कुटुंबांतील नावे त्याच बायबलमधील व्यक्तींची आहेत. ती कुराणातून आली. अरबी आणि हिब्रू या एकाच सेमिटिक कुळातील भाषा असल्याने अरबी रूपांत मूळ व्यंजने बऱ्याच अंशी टिकलेली दिसतात.

पाचवी वाट बेने इस्राएल समाजाची. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात शतकानुशतके राहिलेल्या या मराठीभाषक यहुदी समाजाने हिब्रू नावांना कोकणी-मराठी वळण दिले. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

वाट ओळखायला घरातलेच पुरावे सर्वांत उपयोगी पडतात: चर्चच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्याची नोंद, घरातील बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या तारखा, थडग्यावरील लेख, शाळा सोडल्याचा दाखला. एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘शमुवेल’ आणि शाळेच्या दाखल्यात ‘सॅम्युअल’ असेल, तर जुनी नोंद आधार मानावी.

मूळ हिब्रू रूप गाठणे

हिब्रू लिपीत २२ अक्षरे असून ती सर्व व्यंजनांची आहेत. स्वरांच्या खुणा साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत मसोरेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यहुदी पंडितांनी पक्क्या केल्या. म्हणून नावाचा सांगाडा व्यंजनांत असतो आणि तुलना करताना व्यंजनांकडेच पाहावे लागते.

हिब्रू बायबलचे ग्रीक भाषांतर इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे सुरू झाले. पुढे जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी लॅटिन भाषांतर केले. युरोपातील नावे या दोन भाषांच्या गाळणीतून गेलेली आहेत. त्यामुळे इंग्रजी किंवा पोर्तुगीज रूपावरून मागे जाताना पुढील बदल लक्षात ठेवले की बहुतेक नावे उलगडतात.

‘ज’च्या जागी ‘य’ ठेवून पाहावा. हिब्रूतील ‘य’ ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीत येता येता ‘ज’ झाला. जोसेफ–योसेफ, जेरेमाया–यिर्मया, जोनाथन–योनाथान, जोएल–योएल.

‘स’च्या जागी ‘श’ घालून पाहावा. ग्रीकमध्ये ‘श’ हा ध्वनी नसल्याने शिमोनचा सायमन, शलमोनचा सॉलोमन, शमुवेलचा सॅम्युअल झाला. मराठीने तो ‘श’ परत आणला.

शेवटचा ‘स’ काढून पाहावा. ग्रीकमध्ये पुरुषांच्या नावाला बहुधा ‘स’ जोडतात. मोशेचा मोझेस, यहूदाचा ज्यूडस, योनाचा जोनस झाला तो यामुळे. लाजरस हे रूपही असेच आहे. त्यामागे एलाजार हे हिब्रू नाव आहे, अर्थ ‘देवाने साहाय्य केले’. आरंभीचा ‘ए’ गळाला आणि शेवटी ‘स’ चिकटला.

गळालेला ‘ह’ शोधावा. हिब्रूत ‘हे’ आणि ‘हेत’ अशी दोन अक्षरे आहेत. ‘हेत’चा उच्चार घशातून होतो. ग्रीकमध्ये दोन्हींना धड जागा मिळाली नाही. हन्नाची ॲना आणि पुढे ॲन झाली. नोहा आणि नोआ या दोन नावांचा घोळही इथलाच. नोहा हा जलप्रलयाच्या कथेतील पुरुष. त्याच्या नावात ‘हेत’ आहे आणि नाव विश्रांतीशी जोडले जाते. नोआ ही गणना या पुस्तकातील सलाफहादाच्या पाच मुलींपैकी एक. तिच्या नावात ‘हेत’ नाही आणि ते हालचालीच्या धातूशी जोडतात. मुलीसाठी नोआ निवडणाऱ्यांनी नोहाचा अर्थ तिच्या नावावर लिहू नये.

काही नावांचा प्रवास फार लांबचा आहे. याकोवचे ग्रीकमध्ये ‘याकोबोस’, लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ झाले. बोलीतील लॅटिनमध्ये ‘ब’चा ‘म’ होऊन फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘जेम्स’ तयार झाला. इंग्रजी बायबलमध्ये जुन्या करारात ‘जेकब’ आणि नव्या करारात ‘जेम्स’ असे दोन शब्द दिसतात, तर मराठीत दोन्ही ठिकाणी ‘याकोब’ आहे. याच्या उलट मराठीत ‘यहोशवा’ आणि ‘येशू’ ही दोन रूपे आहेत. हिब्रूत ते मुळात एकच नाव. येशू हे त्याच्या संक्षिप्त रूपावरून आले.

घटक सुटे करणे

पुष्कळ हिब्रू पुरुषनावे छोटी वाक्येच असतात. एक घटक देवाचा निर्देश करतो, दुसरा क्रियापद किंवा नाम असतो. देवाचा निर्देश दोन प्रकारे होतो. ‘एल’ म्हणजे देव. ‘यो’, ‘यहो’ हे आरंभीचे आणि ‘या’, ‘याहू’ हे शेवटचे घटक म्हणजे इस्राएलाच्या देवाच्या खास नावाची आखूड रूपे. मराठी बायबलमध्ये त्या नावाच्या जागी ‘परमेश्वर’ हा शब्द येतो. म्हणून अर्थ लिहिताना ‘एल’साठी देव आणि ‘या’साठी परमेश्वर असा भेद राखणे सोयीचे.

‘एल’ असलेली नावे: दानीएल, ‘देव माझा न्यायाधीश’. मीखाएल, ‘देवासारखा कोण?’ हे प्रश्नवाक्य आहे आणि उत्तर अर्थातच ‘कोणी नाही’. रफाएल, ‘देवाने बरे केले’. यहेज्केल, ‘देव बळ देवो’. इश्माएल, ‘देव ऐको’. नथनेल, ‘देवाने दिले’.

‘यो’ किंवा ‘या’ असलेली नावे: योनाथान, ‘परमेश्वराने दिले’. योहान, ‘परमेश्वराने कृपा केली’. जखऱ्या, ‘परमेश्वराने स्मरण केले’. नहेम्या, ‘परमेश्वराने सांत्वन केले’. यशया, ‘परमेश्वर तारण आहे’. योएल आणि एलीया या नावांत दोन्ही घटक आहेत, फक्त क्रम उलटा: ‘परमेश्वर हाच देव’ आणि ‘माझा देव परमेश्वर’.

मराठी माणसाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. देवदत्त हे नाव अर्थाने थेट नथनेलच्या शेजारी बसते.

उरलेला घटक बहुधा तीन व्यंजनांच्या धातूतून येतो आणि एका धातूतून नावांचे कुटुंबच निघते. ह-न-न, ‘कृपा करणे’: हन्ना, योहान, हनन्या. न-त-न, ‘देणे’: नाथान, योनाथान, नथनेल आणि ‘परमेश्वराचे दान’ या अर्थाचे मत्तन्या, नव्या करारातील मत्तय त्याच कुळातील. श-ल-म, ‘शांती, पूर्णता’: शलमोन, अबशालोम, सलोमी. यहोशवा, येशू, यशया आणि होशेय ही चारही नावे तारण या अर्थाच्या एकाच धातूची. धातू सापडला की एका नावाचा अर्थ दुसऱ्यावरून पडताळून पाहता येतो.

सगळीच नावे वाक्ये नसतात. विशेषतः स्त्रियांची नावे साध्या नामांवरून ठेवलेली दिसतात. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, तामार म्हणजे खजुराचे झाड, सुसन्ना म्हणजे लिलीचे फूल. सारा म्हणजे राजघराण्यातील किंवा मोठ्या घरची स्त्री. योना म्हणजे पारवा. बायबलमध्ये योना हा पुरुष संदेष्टा असला, तरी हिब्रूत ते स्त्रीलिंगी नाम आहे आणि आज ते मुलामुलींना दोघांनाही ठेवतात.

ग्रंथातील कथा आणि व्युत्पत्ती

जुन्या करारात मूल जन्मले की नावाचे कारण सांगण्याची पद्धत आहे. ही कारणे बहुधा ध्वनिसाम्यावर उभी असतात. त्यांचे मोल साहित्याचे आणि श्रद्धेचे आहे. ती शब्दकोशाची नोंद नव्हे. नावाचा अर्थ सांगताना ‘ग्रंथात असे सांगितले आहे’ आणि ‘भाषेच्या अभ्यासावरून असे दिसते’ ही दोन वाक्ये वेगळी लिहावीत.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब जन्मताना आपला जुळा भाऊ एसाव याची टाच धरून आला, म्हणून ‘टाच’ या शब्दावरून त्याचे नाव पडले असे सांगितले आहे. पुढे एसाव त्याच नावावर ‘फसवणे’ या अर्थाने कोटी करतो. अभ्यासक मात्र प्राचीन पश्चिम आशियातील लेखांत आढळणाऱ्या याच ठेवणीच्या नावांवरून मूळ लांब नाव ‘याकोव-एल’, ‘देव रक्षण करो’, असे असावे असे मानतात. बारशासाठी दुसरा अर्थ अधिक आवडेल. तरी पहिला ग्रंथात आहे हेही सांगायला हवे.

मोशेच्या नावाचा संबंध निर्गमाचे पुस्तक ‘पाण्यातून बाहेर काढणे’ या क्रियापदाशी जोडते. फारोच्या मुलीने ठेवलेले हे नाव बहुतेक अभ्यासक मिसरी भाषेतील ‘पुत्र’ किंवा ‘जन्मलेला’ या अर्थाच्या शब्दाचे समजतात. थुतमोस, रामसेस या राजांच्या नावांत तोच घटक आहे.

शमुवेलची गोष्ट आणखी बोलकी आहे. हन्ना म्हणते की मी याला परमेश्वराजवळ मागितले, म्हणून हे नाव. पण ‘मागितलेला’ हा अर्थ चपखल बसतो तो शौल या नावाला. शमुवेलमध्ये दिसतात ते ‘नाव’ आणि ‘एल’ हे घटक, म्हणून ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव देव’ असा अर्थ अधिक संभवतो. ‘देवाने ऐकले’ हा सर्रास दिला जाणारा अर्थ इश्माएलचा आहे.

काही नावांची दोन रूपे कथेतच येतात. राहेलने मरतेवेळी मुलाचे नाव बेनओनी, ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, असे ठेवले. बापाने ते बदलून बन्यामीन, ‘उजव्या हाताचा पुत्र’, असे केले. उजवीकडे म्हणजे दक्षिणेकडे असाही हिब्रूत अर्थ होतो, म्हणून ‘दक्षिणेचा पुत्र’ हा पर्यायही कोशांत मिळतो.

बायबलमधले प्रत्येक नाव हिब्रू नसते

बायबलमध्ये आहे म्हणजे हिब्रू आहे, हा समज सोडून द्यावा. थोमा (जुळा), मार्था (घरधनीण), कैफा (खडक) ही नावे अरामी आहेत. बर्थलमय आणि बर्णबा यांच्या आरंभीचा ‘बर’ म्हणजे अरामीतील पुत्र. पेत्र, फिलिप्प, अंद्रिया, स्तेफन ग्रीक आहेत. पौल आणि मार्क लॅटिन.

याची कोल्हापुरातील ठळक उदाहरणे संस्थांच्या नावांतच मिळतात: एस्तेर पॅटन हायस्कूल आणि मेरी वॉन्लेस हॉस्पिटल. दोन्ही नावे हिब्रू बायबलशी बांधलेली आहेत आणि दोन्हींचा उगम वादाचा आहे.

एस्तेर ही इराणच्या राजाशी विवाह झालेली यहुदी मुलगी. तिच्या नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात तिचे दुसरे नाव सांगितले आहे: हदस्सा. हदस्सा निःसंशय हिब्रू आहे. हदस म्हणजे मर्टल नावाचे सुवासिक पानांचे सदाहरित झुडूप. ‘एस्तेर’ मात्र बाहेरचे. काही अभ्यासक ते तारा या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दाशी जोडतात, काही बाबिलोनी देवता इश्तारच्या नावाशी. यहुदी परंपरेत ‘लपवणे’ या हिब्रू धातूशीही त्याची सांगड घातली जाते, कारण एस्तेरने आपले कूळ दरबारात लपवून ठेवले होते. ही सांगड कथेला शोभणारी असली तरी व्युत्पत्ती नव्हे. म्हणून ‘एस्तेर: हिब्रू, अर्थ तारा’ ही नेहमीची नोंद अर्धीच बरोबर आहे. तारा हा अर्थ खरा धरला, तर नाव हिब्रू उरत नाही. हिब्रू नावच हवे असेल, तर ते हदस्सा.

मेरीचे मूळ मिर्याम, मोशेची बहीण. ग्रीकमध्ये मरियाम आणि मरिया, लॅटिनमध्ये मारिया, इंग्रजीत मेरी. मराठी बायबलमध्ये बहिणीसाठी मिर्याम आणि येशूच्या आईसाठी मरीया. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला तेव्हा त्यांना मेरी रमा हे नाव मिळाले. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. मिर्यामचा अर्थ ‘कडवट’, ‘बंडखोर’ असा हिब्रू शब्दांवरून लावतात. मोशेप्रमाणेच हेही मिसरी नाव असून त्यात ‘प्रिय’ हा अर्थ असावा असेही एक मत आहे. कोणतेही निर्विवाद नाही. ‘समुद्राचा तारा’ हा लोकप्रिय अर्थ लॅटिनमधील घोटाळ्यातून आल्याचे मानले जाते: ‘समुद्राचा थेंब’ या अर्थाच्या ‘स्तिल्ला मारिस’चे लेखनिकांच्या हातून ‘स्तेल्ला मारिस’ झाले.

बेने इस्राएलांची रूपे

बेने इस्राएल नावे वाचण्याची किल्ली शेवटच्या ‘जी’मध्ये आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग, ‘शाआर हारहमीम’ म्हणजे दयेचे द्वार, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. सामाजी म्हणजे शमुवेल आणि हसाजी म्हणजे यहेज्केल. इंग्रजी लेखनात हेच गृहस्थ सॅम्युअल इझिकिएल दिवेकर होतात. याच ठेवणीची इतर नावे: अब्राहामचे अब्राजी, बन्यामीनचे बुनाजी, एलीयाचे एलोजी, मोशेचे मुसाजी, दावीदचे दाऊदजी, याकोबचे अकूबजी, इसहाकचे इसाजी. ‘जी’ काढावा आणि उरलेला तुकडा हिब्रू नावाच्या ठळक व्यंजनांशी ताडून पाहावा.

इथे दोन सावधगिऱ्या हव्यात. इसाजी हे इसहाकचे रूप. अरबी ‘ईसा’ म्हणजे येशू, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरे म्हणजे ‘जी’ लागणारी नावे मराठी मुलखात सर्वत्र आहेत, म्हणून केवळ ठेवणीवरून नाव हिब्रू ठरवता येत नाही. कुटुंबाचा इतिहास आणि आडनाव पाहावे. दिवेकर, किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर ही आडनावे कुलाब्यातील गावांवरून आलेली आहेत, पण गावावरचे आडनाव त्या गावच्या इतर जातिधर्मांच्या लोकांचेही असते. स्त्रियांची नावे तर पुष्कळदा मराठीच असत.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण आणि हिब्रूचा अभ्यास वाढला तशी जुनी रूपे मागे पडून सॅम्युअल, डेव्हिड, मोझेस ही रूपे आली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पुण्यात १८७४ मध्ये हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. अशा द्विभाषिक पुस्तकांत नावांची हिब्रू आणि मराठी रूपे शेजारी शेजारी मिळतात, म्हणून शोध घेणाऱ्याला ती फार उपयोगाची. सार्वजनिक जीवनातील नावेही तपासण्याजोगी आहेत. अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांच्या नावात दोन हिब्रू नावे आणि एक कोकणी गाव आहे. १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांचे नाव बायबलमधील योथाम राजाच्या आईचे. अर्थ वारसा किंवा ताबा.

सारख्या दिसणाऱ्या मराठी शब्दांपासून सावध

मराठीत अर्थ असलेला शब्द दिसला की तोच नावाचा अर्थ समजण्याचा मोह होतो. दानीएलमधील ‘दान’ म्हणजे देणगी नव्हे. तो न्यायनिवाड्याचा धातू आहे. ‘देवाचे दान’ हा अर्थ दानीएलला लावलेला वारंवार ऐकू येतो, पण तो नथनेलचा आहे. दीना ही याकोबाची मुलगी. तिचे नाव त्याच न्यायाच्या धातूचे, संस्कृत ‘दीन’शी त्याचे काही नाते नाही. कवी निस्सीम इझिकिएल यांच्या पहिल्या नावाचा अर्थ ‘सीमा नसलेला’ असा नसून हिब्रूत ‘चमत्कार’ असा बहुवचनी आहे. अमित हे हिब्रूतही नाव आहे, पण तिथे अर्थ मित्र किंवा सोबती. रूथच्या पुस्तकातील सासू नामी हिचे नाव ‘रम्य, गोड’ अशा अर्थाचे. मराठी ‘नामी’ त्याच्या आसपास पोचतो तो निव्वळ योगायोगाने.

कोणती साधने वापरावीत

नावांच्या याद्या देणाऱ्या पुस्तिका आणि संकेतस्थळे आरंभाला ठीक. त्यांच्यावर थांबू नये. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि ‘शुभ’ अर्थ आधी देतात. पहिला आधार बायबलची शब्दसूची. जेम्स स्ट्राँग यांची १८९० ची सूची प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक देते. क्रमांक मिळाला की हिब्रू लिपी न येणाऱ्यालाही योग्य शब्द गाठता येतो. तिच्यातील अर्थ मात्र बऱ्याचदा पारंपरिक आहेत. पडताळणीसाठी ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा १९०६ चा हिब्रू कोश पाहावा. मराठी आणि इंग्रजी बायबलमधील एकच वचन शेजारी ठेवले की मराठी व इंग्रजी रूपांची जोडीही आपोआप ठरते.

बाळासाठी नाव ठरवताना

रूप एकच निवडून देवनागरी आणि रोमन लेखन पहिल्याच नोंदीत पक्के करावे. बाप्तिस्म्याला दावीद, जन्मदाखल्यात डेव्हिड आणि आधारवर तिसरेच स्पेलिंग असले, की पुढे शाळा आणि पासपोर्ट यांच्या वेळी खेटे घालावे लागतात. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. शहरात हे काम महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होते, गावात ग्रामपंचायतीत. घरात आधीच त्याच मूळ नावाचे कोणी आहे का, हेही पाहावे. एलिझाबेथ आत्याच्या भाचीचे नाव इझाबेल ठेवले, तर नाव तेच राहते.

अर्थाची नोंद कशी लिहावी

नोंदीत पाच गोष्टी असाव्यात: घरातील रूप, आलेली वाट, मूळ हिब्रू रूप, घटक व अर्थ, आणि खात्री. खात्रीसाठी तीन दर्जे पुरतात. घटक स्पष्ट आणि कोशांत एकमत असेल तर ‘निश्चित’, उदाहरणार्थ योनाथान. एक अर्थ बहुमान्य पण निर्विवाद नसेल तर ‘संभाव्य’, उदाहरणार्थ दावीद, ‘प्रिय’. मते विभागलेली असतील तर ‘वादग्रस्त’, उदाहरणार्थ मिर्याम. अशा वेळी दोन-तीन मते लिहावीत, एकच निवडू नये.

नमुन्याची नोंद अशी होईल. घरातील रूप: इझाबेल. वाट: पोर्तुगीज. मूळ: एलीशेवा, अहरोनाची पत्नी, मराठी बायबलमध्ये नव्या करारातील योहानाच्या आईसाठी अलीशिबा. घटक: ‘एली’, माझा देव, ‘शेवा’, शपथ, याच व्यंजनांचा दुसरा अर्थ सात. अर्थ: ‘माझा देव हीच शपथ’. खात्री: पहिला घटक निश्चित, दुसरा संभाव्य. त्याच नावाची इतर रूपे: एलिझाबेथ, एलिझा, लिझा, बेथ.